बांधलेलं प्लॅस्टिक

माझ्याच दुकानात येऊन माझ्याच वायरीला काडी लावणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं.

बाजाराचा दिवस होता. रामनगरला स्टँडसमोर माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पुढं वायरी, बल्ब, पंखे आणि मागं जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम. काउंटरवर गर्दी होती आणि त्या गर्दीतून एक उंच, वाळकुडे गृहस्थ पुढं आले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला ओळखीचा बिल्ला अडकवतात तसला एक रिकामा चिमटा लावलेला. त्यांनी वायर दाखवायला सांगितली, मी चांगल्यातलं भेंडोळं काढून दिलं. त्यांनी खिशातल्या कटरनं वीतभर तुकडा तोडला, काडेपेटी काढली आणि सगळ्यांच्या देखत तो पेटवला. काळा धूर निघाला. वितळलेला एक थेंब माझ्या काउंटरच्या काचेवर पडला. गृहस्थांनी तो थेंब वाकून निरखला, 'वाटलंच होतं' असं स्वतःशी म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी वायर घेतली नाहीच, पण त्या दिवशी दुसऱ्याही कुणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि मागची खोली भाड्यानं मिळेल का म्हणून विचारू लागले. बायको म्हणाली, हा माणूस आपलं घर जाळील. मी म्हटलं, असा माणूस गावात मोकळा फिरण्यापेक्षा आपल्या नजरेखाली असलेला बरा. खोली दिली. पुढं जे झालं त्यात माझ्या दुकानाचाही थोडा हात आहे, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही.

आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. ते कुंभारवाड्याच्या पुढच्या एका वाडीतले. शिकून मुंबईकडं गेले, तिकडं एका सरकारी संस्थेत मोठ्या जागेवर पोचले आणि निवृत्त झाल्यावर परत आले. काम काय करत होते ते सांगायला त्यांना कुणीही चालायचं. चहाच्या हॉटेलात शेजारी बसलेला ट्रक ड्रायव्हरसुद्धा सुटला नाही. जाड भिंतींची एक खोली असते, त्यात एक अवाढव्य यंत्र असतं, त्यातून विजेच्या कणांचा झोत खाली येतो आणि त्या झोताखालून प्लॅस्टिकच्या वायरी, नळ्या, चादरी सरकत जातात. बाहेर येतात तेव्हा दिसायला होत्या तशाच. पण आत सगळं बदललेलं असतं.

"प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता," ते सांगायचे. "तापवलं की धागे एकमेकांवरून घसरतात. त्याला आपण वितळलं म्हणतो. झोत मारला की धाग्याधाग्यांत गाठी पडतात. मग तापवा किती तापवायचं ते. मऊ होईल, वाहून जाणार नाही. बांबूच्या सुट्या कांब्या आणि विणलेली बुट्टी, एवढा फरक."

याला ते 'बांधलेलं प्लॅस्टिक' म्हणायचे. त्यांच्या डाव्या खिशात साधी नळी असायची आणि उजव्या खिशात बांधलेली. काडी लावली की साधी टपाटपा गळायची. बांधलेली काचेसारखी पारदर्शक व्हायची, रबरासारखी लवचीक व्हायची, पण आपला आकार सोडायची नाही. तशी गरम असतानाच ते ती चिमट्यानं ताणून लांब करायचे आणि फुंकर घालून थंड करायचे. ती लांबच राहायची. मग पुन्हा काडी धरली की आखडून पहिल्यासारखी. हा खेळ मी इतक्या वेळा पाहिला की मला पाठ झाला, तरी दर वेळी ती नळी आखडायला लागली की साहेबांच्या तोंडाकडं बघण्यात मजा असायची. स्वतःचं पोर पहिल्यांदा चालताना बघावं तसा चेहरा व्हायचा त्यांचा.

माणसंही ते याच हिशोबानं मोजायचे. कुणी संकटात डगमगला नाही की म्हणायचे, बांधलेला आहे. कुणी गोड बोलून ऐनवेळी हात वर केले की म्हणायचे, गळाला. माझ्या मेव्हण्याला पहिल्याच भेटीत त्यांनी 'गळणार' म्हणून टाकलं. बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढं मेव्हण्यानं जे केलं त्यावरून साहेबांचंच खरं ठरलं, पण ते इथं नको.

त्यांची सगळ्यात विचित्र खोड म्हणजे कुठलंही बटण दाबायच्या आधी हाक मारणं. पाण्याचा पंप असो, मिक्सर असो, खोलीतला पंखा असो, आधी सगळीकडं एक फेरी मारायची, दारामागं बघायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "आत कोण आहे काय?" उत्तर आलं तर तो माणूस बाहेर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. त्या यंत्राच्या खोलीत कुणी राहिलं नाही याची खात्री करूनच झोत सोडायचा असतो, आणि जन्मभर तेच केल्यावर हाताला दुसरं काही येत नाही, असं ते सांगायचे. माझी बायको परड्यात धुणं धूत असायची. ती रोज ओरडायची, "मी हाय की हो." मग साहेब पंपाच्या बटणापाशी उभे, आणि पिळे अर्धवट टाकून ती बाहेर आल्याशिवाय टाकीत पाणी नाही. सुरुवातीला ती माझ्या डोक्यावर खापर फोडायची. नंतर नंतर त्यांची हाक आली की हातातलं काम ठेवून आपणहून बाहेर यायला लागली.

गावानं त्यांना लगेच आपलं म्हटलं असं नाही. रेडिएशन हा शब्द रामनगरला ठाऊक होता, आणि चांगल्या अर्थानं नव्हता. हॉटेलवाल्यानं त्यांचा पेला वेगळा ठेवला होता. साहेबांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी वाद घातला नाही. एक दिवस भर गर्दीत त्यांनी हॉटेलवाल्याला दिवा लावायला सांगितला, मग विझवायला सांगितला, आणि विचारलं, "आता भिंतीत उजेड शिल्लक राहिला काय?" हॉटेलवाला नाही म्हणाला. "माझं यंत्रही तसंच. बंद केलं की संपलं. वायरीत काही उरत नाही आणि माझ्यातही उरलेलं नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांना सगळ्यांच्या पेल्यातून चहा मिळाला. तो पेला विसळलेला नसायचा ही त्यांची पुढची तक्रार.

विज्ञान दिनाला शाळेनं त्यांना बोलावलं. हेडमास्तरांना वाटलं होतं, भाषण होईल, टाळ्या होतील. साहेबांनी आठवी-नववीच्या पोरांना मैदानात नेऊन हात धरून लांब रांगा करायला लावल्या. रांगा एकमेकींजवळून पळवल्या. कुणी कुणाला अडवत नव्हतं. मग पोरींच्या ओढण्या आणि पोरांचे रुमाल घेऊन त्यांनी एका रांगेतल्या पोराला शेजारच्या रांगेतल्या पोराशी बांधलं, थोडं इथं, थोडं तिथं. आता ओढा म्हणाले. सगळं मैदान ताणलं गेलं आणि सोडल्यावर परत जागेवर आलं. पोरं खूश झाली. मग त्यांनी आणखी गाठी मारल्या, आणखी मारल्या, इतक्या की कुणाला हलता येईना. एक पोरगा अडखळला आणि त्याच्याबरोबर अख्खी नववी जमिनीवर आली. हेडमास्तर धावत बाहेर आले. साहेब त्यांना शांतपणे म्हणाले, "हा जास्तीचा मारा. जास्त झाला की वस्तू ठिसूळ होते. पोरांच्या बाबतीतपण मात्रा बघत जा." त्या हेडमास्तरांची छडी गावात प्रसिद्ध होती. त्यांनी साहेबांना पुन्हा बोलावलं नाही, पण पोरं अजून तो दिवस सांगतात.

एवढा सगळ्यांना शिकवणारा माणूस, पण एका माणसापुढं त्याचं काही चालायचं नाही. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का.

आईबाप लवकर गेले तेव्हा साहेब अगदी लहान होते. अक्कानं जंगलात मजुरी करून, लोकांच्या भातशेतात राबून त्यांना शिकवलं. स्वतःचं लग्नही तिनं त्यांची शाळा संपेपर्यंत लांबवलं. नवरा गेला, मुलगा वास्कोला गोदीत कामाला लागला, आणि अक्का वाडीतल्या त्या घरात एकटी राहिली. भाऊ काय करतो असं कुणी विचारलं तर ती सांगायची, मुंबईला वायरी भाजतो. साहेबांना हे लागायचं. त्यांना तिकडं मोठमोठ्या लोकांच्या हातून शाली मिळाल्या होत्या. त्यातली एक त्यांनी अक्काला आणून दिली होती, आणि तिनं ती थंडीत वासराच्या अंगावर घातली होती. अक्काच्या घरी ते जास्त दिवस राहू शकत नसत, कारण दोघं भांडायची. म्हणून तर माझी खोली. पण दर आठवड्याला कुंभारवाड्याची गाडी धरून ते वर जाणार म्हणजे जाणार.

अक्काची छाती चुलीच्या धुरानं गेली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी धुराजवळ फिरकायचं नाही असं बजावलं, आणि रोज काही तास नाकाला नळी लावून ऑक्सिजनच्या मशीनवर बसायला सांगितलं. मशीन आलं. पण वाडीत वीज कुठली टिकायला? सरकारी तारा जंगलातून येतात, आणि पावसात एक फांदी पडली की आठवडाभर अंधार. उन्हाळ्यात छपरावरच्या सोलरवर मशीन चालायचं. पावसात सूर्य नाही, पण घराच्या वरच्या अंगाला ओढा आहे, आणि त्या ओढ्यावर वाडीनं वीज करणारं एक छोटं चक्र बसवलं होतं. चक्रापासून घरापर्यंत दगडाधोंड्यांतून, झाडांच्या मुळांतून वायर आणलेली. एवढ्या चढावर अख्खं भेंडोळं नेता येत नाही, म्हणून वायर खांद्यावर झेपेल तेवढ्या तुकड्यांत आणून जोडलेली. आणि प्रत्येक जोडावर माझ्या दुकानातली काळी टेप.

आमच्याकडच्या पावसात टेप टिकत नाही, हे मी इथंच कबूल करून टाकतो, म्हणजे साहेबांच्या आत्म्याला शांती मिळेल. मी सांगतोय त्याच्या आदल्या वर्षी भर पावसात जोडांत पाणी शिरलं, मशीन थांबलं आणि अक्काला खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणावं लागलं. ती वाचली. पण मुलगा घाबरला. चांगला पोरगा आहे तो, आईवर जीव आहे त्याचा. त्यानं निक्षून सांगितलं, या पावसात मशीन एकदा जरी बंद पडलं तरी मी आईला वास्कोला घेऊन जाणार, मग तिनं रडावं नाहीतर ओरडावं. अक्का म्हणाली, बिल्डिंगीत बसून श्वास घेण्यापेक्षा इथं न घेतलेला बरा. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांना एकच उत्तर दिलं. लाइन मी ओढतो.

त्या उन्हाळ्यात साहेब आपलं वय विसरले. जुन्या सहकाऱ्यांना पत्रं, फोन. बांधलेल्या प्लॅस्टिकची वायर लोंढ्याला रेल्वेनं उतरली, आणि तिच्याबरोबर जोडांवर घालायच्या नळ्या आल्या. अंगठा सहज आत जाईल एवढ्या रुंद. जोडावर नळी सरकवायची, ज्योत फिरवायची, की ती आखडून जोडाला अशी घट्ट बसते की पाण्याला वाट राहत नाही. आतून लावायची चिकट पट्टी वेगळी होती. ती साहेबांनी आपल्या बॅगेत ठेवली. नळ्यांची पिशवी मात्र अक्काच्या स्वाधीन केली. वायर अंथरून होईपर्यंत नीट सांभाळ, पावसाचा थेंब लागू देऊ नको, जिवापाड जप, असं तिला चार वेळा बजावलं. चूक इथंच झाली. त्यांनी तिला काय करायचं ते सांगितलं, काय करायचं नाही ते सांगायचं राहिलं.

आमच्या डोंगरात पावसाच्या तोंडावर जिवापाड जपायच्या वस्तू ठेवायची जागा एकच. चुलीच्या वर बांबूची तट्टी टांगलेली असते. बियाणं तिथं, काडेपेट्या तिथं, सुकं मासं तिथं. पावसाळ्यात घरात कोरडी अशी तेवढीच जागा. अक्का स्वतः चुलीपाशी जात नव्हती. परड्यातल्या खोपीत शेजारची बाई चूल पेटवायची. अक्कानं नळ्यांची पिशवी तिच्याकडून तट्टीवर ठेवून घेतली. तीही अगदी मधोमध, बियाण्याच्याही आधी. आणि मग पावसाआधीचं भात उकडायचं काम निघालं. सलग दोन-तीन दिवस मोठ्या हंड्याखाली जाळ.

जोड मारायच्या दिवशी मी साहेबांबरोबर वर गेलो होतो. ज्योत मारायचा ब्लोलॅम्प माझ्या दुकानातला, म्हणून मीही. आभाळ भरून आलं होतं आणि सोलरवर मशीन जेमतेम धापा टाकत होतं. साहेबांनी पिशवी मागितली. शेजारच्या बाईनं ती आणून अक्काच्या मांडीवर दिली. अक्कानं मोठ्या थाटात ती उघडली आणि तिचा चेहरा थोडा पडला. नळ्या करंगळीएवढ्या झाल्या होत्या.

"वाळल्या रे धाकट्या," ती म्हणाली. "पर एक बी कुजली न्हाई बघ."

मी कपाळाला हात लावला. साहेबांचा राग मला माहीत होता. मिक्सरच्या चुकीच्या फ्यूजवरून त्यांनी माझा गिऱ्हाइकांदेखत पाणउतारा केला होता, तर आज काय होईल या विचारानं मी दोन पावलं मागं सरकलो. नवीन नळ्या मागवायच्या तर महिना जाणार. महिन्याभरात ओढा असा भरणार की पलीकडं पाऊल टाकता येणार नाही. मशीन बंद, अक्का वास्कोला. सगळं त्या पिशवीत होतं, आणि पिशवी संपली होती.

साहेबांनी एक नळी उचलली, खिशातून मापाचं यंत्र काढलं आणि नळीला लावलं. दुसरी घेतली, तिला लावलं. तिसरी. मग ते अक्काच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"अक्का, ही जन्मली तवा एवढीच हुती," ते म्हणाले. मी त्यांना घरच्या बोलीत असं सावकाश बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो. "आम्ही झोताखाली धरून हिच्या आत गाठी मारल्या. मग तापवून फुगवली आन् थंड केली. आता तुज्या चुलीनं ऊब दिली, तर ही परत आपल्या मापावर आली. बघ. केसाचा फरक न्हाई."

अक्कानं नळी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "इसरली न्हाई म्हन."

"न्हाई इसरली. एक बी न्हाई."

"हेच काम करत हुतास व्हय तिकडं?"

"हेच."

"मग आधी सांगायचं न्हाईस?" अक्का म्हणाली. "मला वाटलं, नुसत्या भाजतोस."

सगळं आयुष्य तो माणूस हेच सांगत आला होता. साहेब हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मला त्या वेळी फार बरं वाटलं, आणि ते वाटण्यासारखंच होतं. सगळ्या शाली एका बाजूला आणि हे एका बाजूला.

मग ते उठले. "फुगवलेली आखडते, तर आखडलेली परत फुगते," ते मला म्हणाले. "कारखान्यात यंत्रानं करतात. आपण हातानं करू. अक्का, लाटणं कुठं हाय?"

पुढचा सगळा दिवस मी चुलीपाशी होतो. अक्का लाह्या भाजायची ती कढई काढली, तीत वाळू तापवली. नळी गरम वाळूत फिरवायची. ती मऊ आणि पारदर्शक झाली की फडक्यानं उचलायची, वाळू झटकायची, लाटण्याच्या निमुळत्या टोकावरून जाड भागावर चढवायची आणि लाटण्यासकट गार पाण्याच्या घागरीत बुडवायची. थंड झाली की ओढून काढायची. लाटण्याएवढी रुंद राहायची. पहिली मी घाईनं चढवली आणि ती फाटली. साहेबांनी तोंड उघडायच्या आत लांब फणसाखाली बसलेल्या अक्काचा आवाज आला, सावकाश कर रे दुकानवाल्या, ती काय तुझी वायर हाय काय. धुराच्या भीतीनं तिला चुलीकडं येऊ देत नव्हतो, पण तिथून ती मला वाळूच्या जाळापासून बसायच्या पद्धतीपर्यंत सगळं सांगत होती. साहेब दुसऱ्या बाजूनं सांगत होते. माझे डोळे धुरानं लाल, हात भाजलेले, आणि ती दोघं बहीणभाऊ आयुष्यात पहिल्यांदा एकाच मताची. प्रत्येक नळी आधी अक्काच्या हातात जायची. तिनं मान हलवली की मग साहेब माप लावायचे. काही त्यांनी बाद केल्या. उरल्या त्या जेमतेम पुरल्या.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापासून घरापर्यंत सगळे जोड साहेबांनी स्वतःच्या हातानं मारले. गुडघ्यावर बसून, चिखलात, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. चक्र सुरू करायच्या आधी त्यांनी लाइनभर माणसं उभी केली आणि हाक दिली. आत कोण आहे काय, असं एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला विचारत ती हाक अख्खं जंगल उतरून खाली आली आणि उत्तर घेऊन परत वर गेली. मग त्यांनी पाणी सोडलं. घरात मशीनवर हिरवा दिवा लागला.

पाऊस आला तो तुटून आला. आषाढात एक झाड लाइनीवर पडलं, वायर ताणली गेली आणि मधला जोड ओढ्यात जाऊन पडला. तो काढायला जाणं शक्य नव्हतं. त्याच आठवड्यात वास्कोहून मुलगा आला. कॅसलरॉकला उतरून, मिळेल त्या जीपनं, छत्री उलटी झालेली. आईला न्यायचंच म्हणून आला होता. मीही त्या दिवशी वर होतो. साहेबांनी त्याला ओढ्याच्या काठावर नेऊन काठीनं दाखवलं.

"मामा, हे पाण्यात हाय की," तो म्हणाला.

"असू दे," साहेब म्हणाले.

पोरगा परत घरात आला आणि मशीनपाशी बसला. दुपार झाली, संध्याकाळ होत आली, मशीनचा आवाज एकदाही अडला नाही. अक्का नाकाला नळी लावून त्याच्याकडं बघत होती. जेव म्हणाली फक्त. तो जेवला आणि सकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. त्या पावसाळ्यात मशीन एकदाही थांबलं नाही. त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही नाही.

आता गुंद गावाकडून, कॅसलरॉककडून लोक माझ्या दुकानात येतात आणि 'अक्काच्या नळ्या' मागतात. मी त्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतो, आणि पाकिटावर मराठीत आणि कानडीत लिहून देतो, चुलीवर ठेवू नये. टेप अजून विकतो, पण पंख्याच्या वायरीपुरती. ओढ्याच्या लाइनीसाठी कुणी मागितली तर देत नाही. धंद्याच्या दृष्टीनं हे काही शहाणपणाचं नाही, पण दुकान माझं आहे.

साहेब मागच्या थंडीत गेले. सकाळी चहा घेतला, पंप सुरू करायला म्हणून उठले, आणि दारातच बसले ते बसलेच. फार त्रास झाला नाही. निरोप गेला तसा वास्कोहून भाचा आला, आणि जीपनं अक्कालाही खाली आणलं. कित्येक वर्षांत ती रामनगरला आली नव्हती. माझ्या अंगणात ती भावाच्या उशाशी बसली. रडली, पण धाप लागेल म्हणून जपून रडली. हॉटेलवाल्यानं हॉटेल बंद ठेवलं होतं. हेडमास्तर आले होते. शाळेतली जी पोरं त्या दिवशी मैदानात पडली होती ती आता मोठी झालेली, ती खांदा द्यायला पुढं झाली.

सगळं आटोपल्यावर मुलानं आईजवळ बसून विषय काढला. त्याचंही चुकत नव्हतं. मामा होते तोवर ठीक होतं, लाइनीला काही झालं तर ते होते. आता कोण आहे? पुढच्या पावसात काय करणार? आता तरी चल. अक्कानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"माणूस गेला रे," ती म्हणाली. "जोड कुठं गेलाय? मी खाली येऊन बसलो तर माज्या भावानं केलं काय, म्हनतील लोक."

मग तिनं पदर सावरला, माझ्या बायकोनं दिलेलं पाणी थोडं थोडं करून प्याली, आणि कुंभारवाड्याची गाडी किती वाजता लागते ते मला विचारलं.